अण्णांनी पास केलेलं घर

बंगळुरातल्या कुणा मराठी घरात मुलगी द्यायचं घाटायला लागलं, की पत्रिका जुळल्यानंतर आणि हॉल बघायच्या आधी एक फोन शहराच्या उत्तर टोकाच्या येलहंक्याला जायचा. फोन करणारा बेळगावचा असो, निपाणीचा असो, नाहीतर पार साताऱ्याचा, सुरुवात ठरलेली. "अण्णा, सहज फोन केला. तुमच्या गावात एक घर आहे, जरा चौकशी करायची होती." मग आप्पाजी निलजकर खुर्चीत सावरून बसायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि म्हणायचे, "नाव सांगा."

आप्पाजी हे नाव आता आधार कार्डावरच उरलं होतं. बाकी सगळ्यांचे ते अण्णा. बेळगावजवळच्या एका खेड्यातून विशीत बंगळुराला आले आणि पस्तीस वर्षं बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पंपाचे बिडाचे भाग तपासत राहिले. भाग टेबलावर घ्यायचा, त्यावर लाल रंग सोडायचा, पुसायचा आणि पांढरी पावडर मारून वाट बघायची. डोळ्याला न दिसणारी चीर असली तर थोड्या वेळात लाल रेघ होऊन वर यायची. एका भागात चीर निघाली की अख्खा लॉट परत बोलवायचा, मग मॅनेजरनं कितीही थयथयाट केला तरी. अण्णांनी हिरवी चिठ्ठी लावलेला भाग कधी फुटून आला नाही, असं तिथं अजून सांगतात. निवृत्त झाल्यावर हाताला भाग मिळेनात, पण तपासायची खोड काही जाईना. तेव्हा त्यांनी घरं तपासायला घेतली.

त्यांची पद्धत होती. मराठी मंडळाचं कॅलेंडर द्यायचं निमित्त करून सकाळी अकराला, न कळवता, घरात थडकायचं. हल्ली सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आधी वर फोन करतो, त्यामुळं अण्णा दारात पोचेपर्यंत चपला सरळ लागलेल्या असायच्या. याचा त्यांना फार राग. तरी बघायला पुष्कळ उरायचं. देवघरातलं निरांजन घासलेलं आहे का. पाणी कोण आणतं, आणि पेल्याला तळाशी धरून आणतं की काठाला. सून समोर येते का, आली तर उभी राहते की बसते. भिंतीवर आजोबांचा फोटो आहे का, आणि असला तर त्याच्यावर धूळ किती. हे सगळं डोक्यात टिपून, समोर आलेले पोहे संपवून अण्णा घरी यायचे आणि एका जुन्या डायरीत लिहून ठेवायचे: घराचं आडनाव, मुलीच्या बापाचं नाव, बापाचा फोन, आणि पुढं हिरव्या शाईनं बरोबरची खूण. संध्याकाळी निकाल. तो तीन शब्दांचा असायचा: "घर चांगलं आहे." फारच आवडलं असलं तर पुढं, "डोळे झाकून द्या."

आणि लोक डोळे झाकूनच द्यायचे. चाळीसेक मुली अशा अण्णांच्या तीन शब्दांवर नांदायला गेल्या. लग्नात अण्णांना पहिल्या रांगेतला सोफा, फेटा, शाल. या सगळ्या कारभारात मुलगा मुलीला कसं वागवील ही गोष्ट कुठं होती म्हणाल, तर कुठंच नव्हती. ते बघायची रीतच नाही. चौकशी घराची असते, आणि घर म्हणजे निरांजन, पेला आणि आजोबांचा फोटो. यात काही चुकतंय असं अण्णांना कधी वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर विचारणाऱ्या एकाही बापाला वाटलं नाही.

तीन वर्षांपूर्वी महादेवपुऱ्यातल्या इनामदारांचं घर असंच तपासायला आलं. फोन होता गडहिंग्लजच्या कृष्णात मोरबाळेचा. कृष्णात एसटी डेपोत मेकॅनिक, अण्णांच्या मावसभावाचा शेजारी. त्याची मुग्धा इंजिनिअर होऊन बंगळुरातच नोकरीला होती आणि मूळच्या पुण्याच्या इनामदारांचा धाकटा मुलगा निहार तिला सांगून आला होता. अण्णा गेले. अकराव्या मजल्यावरचा चार खोल्यांचा फ्लॅट. पुरुषोत्तम इनामदार बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांच्या पत्नी स्मिताताई यांनी स्वतः पाणी आणलं, तेही चांदीच्या पेल्यातून. घरात थोरली सून असताना सासू स्वतः पाणी आणते हे बघून अण्णा विरघळलेच. पोहे झाल्यावर ते हात धुवायला मागं गेले. स्वयंपाकघराच्या मागं युटिलिटी होती, म्हणजे वॉशिंग मशीन, नळ आणि कपड्यांच्या दोऱ्या असतात ती चिंचोळी बाल्कनी. तिथं एक चटई, एक वेगळं ताट, एक वेगळा पेला, आणि चटईवर थोरली सून.

"बाजूला आहे ती," स्मिताताई मागून हळूच म्हणाल्या. "आमच्याकडे अजून पाळतात."

अकरावा मजला, समोर आयटी पार्कच्या काचा, आणि तरी पाळतात! अण्णांना भरून आलं. न दाखवता दिसलेली खूण ती खरी, असं त्यांचं मत होतं. संध्याकाळी त्यांनी कृष्णातला नेहमीपेक्षा चार शब्द जास्तच सांगितले. "घर चांगलं आहे, कृष्णात. डोळे झाकून दे. असलं घर दिवा घेऊन हिंडलास तरी मिळायचं नाही."

लग्न झालं. पहिल्याच गणपतीत मंडळात जोडपं भेटलं. निहार अण्णांच्या पाया पडला. मुग्धा वाकली नाही. पर्सच्या पट्ट्यात अंगठा अडकवून ती नुसती त्यांच्याकडं बघत उभी राहिली. अण्णांचा हात आशीर्वादाला अर्धा वर गेला होता, तो त्यांना तसाच कानामागं खाजवायला न्यावा लागला. लग्नानंतर चौदा महिन्यांनी मुग्धा सासर सोडून माहेरी निघून गेली. कुणी विचारलं की अण्णा सांगायचे, "घरात खोट नव्हती. पोरीलाच वळण नव्हतं." पुरावा म्हणून गणपतीतला किस्सा जोडायचे. दीड-दोन वर्षं त्यांनी तो चवीनं सांगितला. कृष्णातनं त्यानंतर फोन केला नाही आणि यांनीही केला नाही.

गेल्या महिन्यात बेळगावहून परशराम कंग्राळकरांचा फोन आला. परशरामचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान, पोरगी सिद्धी शाळेत शिक्षिका. "अण्णा, सहज फोन केला. सिद्धीला एक स्थळ आलंय. मुलाचं दुसरं आहे, पण घर तुमच्या माहितीतलंच म्हणतात. महादेवपुऱ्याचे इनामदार. तुम्ही हो म्हटलासा की रविवारी सुपारी फोडतो."

अण्णांनी तिथल्या तिथं हो म्हणायला काहीच हरकत नव्हती. घर पास झालेलं होतं. पण एकदा परत आलेला भाग जुन्या चिठ्ठीवर सोडायचा नाही, हा कारखान्यातला नियम अंगात मुरलेला. "दोन दिवस दे," ते म्हणाले, आणि मंगळवारी सकाळी उरलेल्यातलं एक कॅलेंडर काखेत मारून निघाले.

हेब्बाळहून रिंग रोडची बस, पुढं चालत. गेटवरच्या वॉचमननं "सार, स्वल्प वेट माडी" म्हणत त्यांना थांबवून वर फोन लावला. अण्णा वर पोचले तर चपला एका रेषेत आणि स्मिताताई दारात.

"अण्णा! व्हॉट अ सरप्राइज! या या. अहो, बघा कोण आलंय."

पाणी त्यांनीच आणलं. तोच चांदीचा पेला. पाठोपाठ काजू पेरलेला, तूप सुटलेला शिरा. पुरुषोत्तमराव समोर बसले, पायावर पाय टाकून. "तुम्हाला काय नवीन सांगायचं, अण्णा? आमचं घर तुम्ही आतून-बाहेरून बघितलेलं आहे. कंग्राळकरांचा तुमच्यावर फार विश्वास दिसतो."

"गेल्या वेळी आमचं बॅड लक," स्मिताताई म्हणाल्या. "मुलगी ब्राइट होती, नो डाउट. पण ॲडजस्टच झाली नाही. आपल्यासारख्या घरात यायचं म्हणजे मुळात वळण लागतं ना."

अण्णांनी मान हलवली. वाक्य त्यांचंच होतं. ते फिरत फिरत इथवर पोचलं होतं, की इथूनच निघून त्यांच्या तोंडात येऊन बसलं होतं, कोण जाणे.

"थोरल्या सूनबाई दिसत नाहीत?" त्यांनी विचारलं.

"बाजूला आहे," स्मिताताई हसून म्हणाल्या. हे सांगताना त्यांचा चेहरा देवघर दाखवताना होतो तसा झाला.

शिरा संपवून अण्णा हात धुवायला मागं गेले. युटिलिटीत तीच चटई होती. चटईवर पस्तिशीतली एक बाई, उपड्या बादलीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन, कुणाशी तरी इंग्रजीत कामाचं बोलत होती. डोक्यावर चादरी वाळत होत्या. अण्णांना बघून तिनं बोलणं आटोपतं घेतलं, एक बटण दाबून आवाज बंद केला आणि म्हणाली, "नमस्कार अण्णा. ओळखलंत?"

ओळखलं कसलं! तीन वर्षांत अण्णांना चटई आठवत होती, ताट आठवत होतं, पेलासुद्धा आठवत होता. बाई आठवत नव्हती.

"मी आसावरी. तुम्ही मागच्या खेपेला आलात तेव्हाही मी इथंच बसले होते. तुम्ही मला बघून हात जोडलेत." ती हळू आवाजात, स्क्रीनवरची नजर न काढता बोलत होती. "मला इतकं बरं वाटलं त्या दिवशी. म्हटलं, बाहेरच्या कुणीतरी एकदाचं बघितलं. हा माणूस आता त्या पोरीच्या बापाला सांगेल आणि ती वाचेल. तुम्ही सांगितलं नाहीत ना?"

अण्णांनी नळ सोडला. काहीतरी करायला हवं होतं म्हणून सोडला.

"मुग्धा का गेली, ते तरी कुणाला विचारलंत?"

अण्णांनी साबणाची वडी उचलली.

"तिसरा महिना होता तिला. सकाळी रक्त जायला लागलं. त्या दिवशी घरात सत्यनारायण होता, पुण्याहून पाहुणे आलेले. आई म्हणाल्या, रक्त ते रक्त, बाजूला बस. इथं बसवली. बाकी सगळे सोवळ्यात, शिवायचं कुणी? निहारनं पाण्याची बाटली आत दिली. पायानं सरकवून. मला रजा नव्हती, मी चारला आले. तोवर आरती झाली होती, प्रसाद वाटून झाला होता, आणि ही या मशीनला टेकून पांढरीफटक पडली होती. मीच तिला लिफ्टनं खाली नेली आणि ऑटोत घातली. डॉक्टर म्हणाल्या, मूल कदाचित राहिलं नसतंच. पण अजून तासभर गेला असता तर हीसुद्धा राहिली नसती."

"आणि ही चटई?" अण्णांनी विचारलं. हेच का विचारावंसं वाटलं, त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"पाइपनं धुतली. हीच ती."

अण्णांच्या हातावरून पाणी वाहत होतं. तळहाताला तुपाचा ओशटपणा होता आणि तो काही केल्या जाईना.

"माझं नाव कुठं घेऊ नका," आसावरी म्हणाली. "माझी मुलगी सहा वर्षांची आहे. मला अजून इथंच राहायचंय. आमच्या ह्यांना सांगून बघितलं, तर म्हणतात, तीन दिवस आयती रेस्ट मिळते, तक्रार कसली."

"अण्णा, टॉवेल मिळाला ना?" आतून स्मिताताईंचा आवाज आला.

आसावरीनं बटण दाबलं. "येस, सॉरी, आय वॉज ऑन म्यूट," ती हसऱ्या आवाजात म्हणाली आणि पुढचं काम बोलायला लागली.

अण्णा बाहेर येऊन बसले. स्मिताताईंनी आग्रहानं आणखी एक चमचा शिरा वाढला. अण्णांनी त्यांच्या हाताकडं बघितलं. गोरा, स्वच्छ, दोन बांगड्या घातलेला हात. याच हातानं त्या दिवशी प्रसाद वाटला असेल, केळीच्या पानाचे तुकडे करून, प्रत्येकाला विचारून, अजून घ्या की म्हणत. आणि मागं, काचेच्या एका दरवाज्यापलीकडं, ती पोर. पुरुषोत्तमराव इनामदारांच्या सात पिढ्यांबद्दल काहीतरी सांगत होते. त्यांच्या पणजोबांनी म्हणे गावात धर्मशाळा बांधली होती. वाटसरूंसाठी. त्या माणसाच्या तोंडातून निघणारा एकेक शब्द अण्णांना अंगावर पाल पडल्यासारखा वाटत होता. शिसारी, निव्वळ शिसारी. त्यांनी वाटी खाली ठेवली, कॅलेंडर टेबलावर ठेवलं आणि निघाले. "मग कंग्राळकरांना काय सांगताय?" असं पुरुषोत्तमराव लिफ्टपाशी लाडात येऊन म्हणाले, त्याला अण्णांनी उत्तर दिलं नाही.

खाली गेटजवळच्या फुलझाडांच्या वाफ्यात ते ओकले. सगळा शिरा बाहेर आला. वॉचमन धावत आला, "हुषार इल्वा सार?" बरं नाही का, असं विचारत त्यानं त्यांची पाठ धरली आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी त्यांच्या तोंडावर मारलं. सोवळं-ओवळं काही त्याच्या मनात आलं नाही.

घरी पोचेपर्यंत तीन वाजले. चंद्राबाई, अण्णांच्या पत्नी, ज्वारीच्या भाकऱ्या थापत होत्या. "काय झालं ओ? तोंड उतरलंय," त्या म्हणाल्या. अण्णांनी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून सगळं सांगितलं. चंद्राबाईंचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर गेली, पाणी फिरलं, उलटली.

"काय माणसं आहेत," अण्णा म्हणाले. "काय घर आहे. थू!"

चंद्राबाईंनी पुढचा गोळा परातीत घेतला. मग अण्णांना हळूच आठवलं. "तू पण बसायचीस की."

"बसायची की. तुमच्या आई होत्या तोवर, बावीस वर्षं. त्या मोरीजवळच्या फरशीवर, एका पोत्यावर. येलहंक्याची थंडी त्या वेळी आतासारखी नव्हती. कडकडायची."

"कधी बोलली नाहीस."

"पहाटे कंपनीच्या बसला जाताना तुम्ही मला ओलांडून जात होतासा," चंद्राबाई म्हणाल्या. "एरवी रोज चहाला विचारत होतासा, त्या तीन दिवसांत तेवढं पण नाही. मी काय बोलायचं, आणि कुणाला?" त्यांनी भाकरी फुगवून टोपलीत टाकली. "माझ्या बापाला पण कोणीतरी सांगितलंच असंल की ओ, निलजकरांचं घर चांगलं आहे म्हणून."

 मघाशी अण्णा थू म्हणून थुंकले होते ते आता त्यांच्याच अंगावर आलं होतं.  पाच वाजता उठून त्यांनी परशरामला फोन लावला.

"परशराम, घर चांगलं नाही." हे शब्द त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा उच्चारले.

"काय म्हणता अण्णा? तुम्हीच तर मागच्या वेळी... कोण काय सांगितलं काय तुम्हाला?"

"कोणी सांगितलं नाही. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, आणि आज नाही, तीन वर्षांपूर्वी. बघून चांगलं म्हटलं. माझं चुकलं." आणि त्यांनी युटिलिटी सांगितली, चटई सांगितली, वेगळं ताट सांगितलं. आसावरीचं नाव घेतलं नाही. स्वतःचा डोळा साक्षीला असताना दुसऱ्या कुणाची गरज नव्हती, फक्त तो डोळा कसला होता ते कबूल करायला लागत होतं.

पलीकडं परशराम मोठ्यानं हसला. सुटल्यासारखा हसला. "हे होय! मी घाबरलो की ओ. म्हटलं पोराला व्यसनबिसन आहे काय. अण्णा, आमच्यात पण पाळतात. सिद्धीला सवय आहे. उलट बरंच झालं, पाळणारं घर मिळालं. म्हणजे चांगलंच आहे की घर!"

 परशराम दुष्ट नव्हता. पोरीवर जीव टाकणारा बाप होता, आणि तरी असं बोलत होता, आनंदानं बोलत होता, हीच तर किळस होती. ही भाषा अण्णांची स्वतःची होती. तिला आतून किती घाण वास येतो, ते आज पहिल्यांदा त्यांच्या नाकात शिरत होतं. मुग्धाचं सगळं सांगून टाकावं असं त्यांच्या ओठांवर आलं. पण ते त्यांचं नव्हतं सांगायचं. आणि ते सांगून आसावरीच्या मानेवर सुरी ठेवायचीही नव्हती.

"सिद्धी आहे घरात? तिला फोन दे."

"पोरीला? कशाला?"

"लग्न तिचं आहे म्हणून."

 चाळीस घरांच्या चौकशीत असली मागणी कुणी ऐकली नव्हती. मग चपलांचा आवाज, कुजबुज, आणि एक सावध आवाज आला. "बोला अण्णा, मी सिद्धी."

अण्णांनी तिलाही तेवढंच सांगितलं, चटई आणि ताट. आणि म्हणाले, "यापुढचं मला सांगता यायचं नाही बाळ. पण पुढचं आहे, आणि ते वाईट आहे."

सिद्धीनं थोडा विचार केला. "त्याच्या आधीच्या बायकोशी तुम्ही बोललात काय?"

"नाही."

"आमचे बाबा पण नाही बोलले. तिचा नंबर मिळंल काय मला?"

इतका साधा प्रश्न! तिला बघायला आलेल्या, तिच्या वतीनं चौकशी करणाऱ्या, सुपारी फोडायला निघालेल्या एवढ्या मोठ्या माणसांत तो एकाच्याही डोक्यात आला नव्हता. अण्णा म्हणाले, "विचारून देतो."

कृष्णातचा नंबर डायरीत होता, हिरव्या खुणेशेजारी. दोनदा वाजून बंद झाला. तिसऱ्यांदा उचलला.

"अण्णा? तुम्ही?" कृष्णातचा आवाज दीड-दोन वर्षांत म्हातारा झाला होता. शिव्या ऐकायची तयारी करूनच अण्णांनी फोन लावला होता. कृष्णातनं शिव्या दिल्या नाहीत. तो घुटमळला, आणि मग मोठ्या आशेनं म्हणाला, "मुग्धासाठी कुठलं चांगलं घर सापडलं काय अण्णा? तुम्ही बघितलेलं असंल तर आमची काय ना नाही."

सकाळपासून आलेली सगळी शिसारी एकीकडं आणि ही एकीकडं. या माणसाची पोर अण्णांच्या एका वाक्यापायी मरणाच्या दारात जाऊन आली होती, आणि तो त्याच वाक्याची परत वाट बघत बसला होता. अण्णांना स्वतःचं तोंड धुवून टाकावंसं वाटलं.

"घर नाही, कृष्णात. मुग्धाला फोन दे. माझं काम तिच्याशी आहे."

ती आली.  अण्णा मनात पाठ केलेलं सगळं विसरले. "मुग्धा, मी निलजकर. तुला सांगायचं होतं... त्या घरातली चटई मी तुझ्या लग्नाआधीच बघितली होती."

"माहितीय मला," मुग्धा शांतपणे म्हणाली. "आसावरीताईनं पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, मला ती चटई घालून देताना. म्हणून तर गणपतीत तुमच्या पाया पडले नव्हते."

अण्णांचा हात आपोआप कानामागं गेला आणि तिथंच राहिला.

"त्यांनी नवीन मुलगी बघितली असणार, म्हणून तुमचा फोन," ती म्हणाली. "तिला माझा नंबर द्या. काय झालं ते मी सांगते, ताईचं नाव येऊ न देता." आणि मग तिनं विचारलं, "अण्णा, अशी अजून किती घरं पास केलीत तुम्ही?" उत्तर मिळायच्या आधीच तिनं फोन ठेवला.

अण्णांनी सिद्धीला नंबर पाठवला. मग चष्मा पुसून डोळ्यांवर घातला आणि डायरी मांडीवर घेतली. अख्खा लॉट परत बोलवायला हवा होता. एकेकीला फोन करून विचारायचं, बाई, तू कशी आहेस. पहिलं पान उघडलं. घराचं आडनाव, बापाचं नाव, बापाचा फोन, हिरवी खूण. दुसरं पान तसंच. तिसरं तसंच. चंद्राबाई ताट वाढून दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा अण्णा शेवटच्या पानापर्यंत पोचले होते आणि पुन्हा पहिल्यापासून उलटत होते. एकाही मुलीचं नाव त्यांनी लिहिलेलं नव्हतं.